विमानानं येणारं दूध

शारजा
५ जुलै १९९८

ती. जिजावहिनींस,
रीमाचा नमस्कार.

वसईकडच्या गास गावचे इग्नेशियस अंकल सुट्टीवर घरी निघालेत. त्यांच्या हाती अनूच्या दुधाचे डबे पाठवते आहे. त्यांच्या बॅगेत स्वतःचे कपडे कमी आणि आपले डबे जास्त झाले, तरी माणूस एका शब्दानं बोलला नाही. ते जूचंद्रला घरी येऊन देतील. चहापाण्याचं बघा.

निघताना घाईत सगळं सांगता आलं नाही. अनूला साधं दूध विष आहे. गाईचं, म्हशीचं, शेळीचंसुद्धा. आमच्या पोरांना शेळीचं चाललं, असं कोणी कितीही सांगितलं तरी ऐकू नका. साध्या डब्याचे चार घोट पोटात गेले तेव्हा तिच्या अंगावर कशा गांधी उठल्या, ओठ कसे सुजले, ते तुम्ही पाहिलंच आहे. या भुकटीत दुधातला बाधणारा भाग आधीच फोडून टाकलेला असतो, म्हणून ही तिला पचते. वास घाण येतो, त्याला इलाज नाही. टायफॉइडमध्ये माझं अंगावरचं दूध आटलं नसतं तर ही वेळच आली नसती.

मुंबईत हा डबा कधी मिळतो, कधी महिनोन्‌महिने नाही. इथे दुकानात असतो, पण डॉक्टरांनी लिहून दिल्याशिवाय देत नाहीत. माझ्या वॉर्डातले डॉक्टर लिहून देतात. त्यांना दर वेळी वसईच्या डॉक्टरांची चिठ्ठी आणि अनूचं वजन लागतं. ते न चुकता पाठवा. या डब्यांसाठीच मी ही नर्सची नोकरी धरली. आठ महिन्यांची पोर तुमच्या मांडीवर ठेवून विमानात बसले तेव्हा माझं काय झालं, ते लिहीत नाही.

तिला रोज माझा फोटो दाखवा. आई कुठे, असं विचारा.

तुमची
रीमा

⁂

जूचंद्र
२३ जुलै १९९८

चि. सौ. रीमास,
जिजाचा आशीर्वाद.

डबे पोचले. इग्नेशियस चांगला मानूस. चहा घेतला, पोरीच्या डोक्यावर हात ठेवून क्रूस काढला आनि गेला. मी सातवी शिकलेली, लिहायची सवय मोडली. चुकलं तर समजून घे.

अनू बरी आहे. खालचे दोन दात आले. ओटीवरून अंगनात सरपटत जाते, कोंबड्यांच्या मागं लागते. वजन आनि चिठ्ठी सोबत जोडली आहे. बाटली तोंडात धरत नाय, थुंकून टाकते. पन मी बघते माझ्या परीनं, पोटात जातं सगळं. तू काळजी करू नको.

गावातल्या बाया डबा बघायला येतात. हातात घेऊन वास घेतात, नाक मुरडतात. मग म्हनतात, काय नशीब पोरीचं, आईनं विमानानं दूध पाठवलं.

फोटो रोज दाखवते. ती चाटते त्याला. अल्पेश भावजींनी आपल्या लेकीला आनि मला नायगावला नेऊन आमचा फोटो काढला, तो पाठवते आहे. तब्येतीला जप. तिथं जेवन मिळतं ना नीट?

तुझी
जिजा

⁂

शारजा
९ ऑगस्ट १९९८

ती. जिजावहिनी,
नमस्कार.

फोटो मिळाला. मी आणि सांडोरची मटिल्डा एका खोलीत राहतो, हे मागे फोनवर सांगितलंच आहे. कोण कोण आहे ते न सांगताच तिला फोटो दाखवला. ती म्हणाली, "अय्या, मुलगी अगदी आईवर गेलीय गं." मला वाटलं माझ्यावर म्हणतेय. तिचं बोट तुमच्यावर होतं.

अनूनं अंगात घातलंय ते झबलं कुठलं? मी जाताना सहा नवीन झबली ठेवली होती. आणि काजळ घालू नका, डोळे बिघडतात. बाटली थुंकते म्हणालात, मग दूध देता कसं ते लिहिलंच नाहीत. मी आई आहे तिची, मला कळायला हवं.

फोटोत ती कॅमेऱ्याकडे बघत नाही. मान वळवून तुमच्याकडे बघते आहे. इथे मी रोज दुसऱ्यांची बाळं पुसते, वजन करते, खांद्यावर टाकून ढेकर काढते. त्यांच्या आया शेजारी पलंगावर पडून मला हसून थँक्यू म्हणतात. त्यांचाही राग येतो मला. बरोबर नाही, पण येतो.

आता ती बोलायला लागली असेल. तुम्हाला काय म्हणते?

रीमा

⁂

जूचंद्र
२९ ऑगस्ट १९९८

चि. सौ. रीमा,
आशीर्वाद.

तू ज्या मानसाबरोबर डबे पाठवनार होतीस त्याची रजा रद्द झाली म्हनून नथूच्या दुकानातल्या फोनवर निरोप आला. तोवर आमच्याकडचा डबा तळाला गेलेला. अल्पेश भावजी दोन दिवस कामावर खाडा करून मुंबईभर औषधाची दुकानं फिरले. एकाच ठिकानी एक डबा मिळाला, घरी आनून बघतो तर तारीख उलटून गेलेली. मी तो फेकून दिला. भावजी ओटीवर तसेच बसून राहिले, जेवले पन नाय.

मग मी अनूला कडेवर घेतली आनि गासला गेले, इग्नेशियसच्या घरी. त्याची बायको उर्सुला म्हनाली, "रडू नका, रविवार आहे, चर्च सुटलं की विचारू." तिनं चर्चच्या दारात उभं राहून एकेक बाईला विचारलं. पापडीला एका घरी नातवासाठी कुवेतवरून आनलेलं हेच दूध निघालं. त्यांचा नातू आता सगळं खातो. त्यांनी दोन डबे काढून दिले. आपल्या रिकाम्या डब्यावरचं नाव आनि त्या डब्यावरचं नाव एकेक अक्षर जुळवून बघितलं, डॉक्टरांना दाखवलं, मगच उघडलं.

गावात कळलं तर बाया काय म्हनाल्या? रीमानं तिकडून कोनाला तरी सांगून सोय केली असनार. मी गप्प बसले.

झबलं माझ्या मोठ्याचं आहे, पेटीत ठेवलेलं. तुझी सहाही तिला आता तोकडी होतात. काजळ बंद केलं. ती मला काय म्हनते विचारलंस. अजून स्पष्ट बोलत नाय. बा बा करते.

जिजा

⁂

शारजा
३ ऑक्टोबर १९९८

जिजावहिनी,

इग्नेशियस अंकल परत आले. निघायच्या आदल्या दिवशी ते चिठ्ठी घ्यायला आपल्याकडे आले होते. मी त्यांना कितीतरी विचारलं. दिसते कशी, उभी राहते का, हसते का. भोळा माणूस, सगळं सांगत बसला. "मला बघून घाबरली. आये, आये करत तुझ्या जावेच्या पदराआड लपली. केवढं गोड बोलते!"

तुम्ही लिहिलं होतं, बा बा करते.

अंकल गेल्यावर मी मोरीत जाऊन नळ सोडला आणि रडले. मटिल्डाला कळू नये म्हणून. मला वाटायचं, मी इथे आहे तर निदान माझी जागा तिथे कोणीतरी राखून ठेवेल. तुम्ही राखली नाहीत. तुम्ही तिथे बसलात.

तुम्हाला मुलगी झाली नाही, दोन्ही मुलगेच. अनू झाली तेव्हा तुम्ही पहिल्या दिवसापासून तिला खाली ठेवत नव्हता. मला तेव्हाच कळायला हवं होतं.

यापुढचे डबे नालासोपाऱ्याला माझ्या आईच्या पत्त्यावर जातील. अनू तिथेच राहील. आई आहे, बहीण सुनंदा आहे, बघतील. यांना वेगळं लिहिलं आहे. हे पत्र मिळाल्यावर तिला तिकडे पोचवा.

रीमा

⁂

जूचंद्र
१८ ऑक्टोबर १९९८

रीमास,

तुझ्या सांगन्याप्रमाने काल पोर नालासोपाऱ्याला पोचवली. डबा, बाटली, कपडे, तुझा फोटो, सगळं तुझ्या आईच्या हातात दिलं. मी निघाले तेव्हा पोर झोपलेली होती. मुद्दाम तशीच वेळ धरली.

आये मी तिला शिकवलं नाय. माझे दोघे पोरगे घरात शिरले की आये, जेवायला दे, अशी हाक मारतात. पोर तेच ऐकते, तेच बोलते. मी तुला बा बा लिहिलं कारन तुला लागेल हे मला ठाऊक होतं. आनि दुसरं कारन, मला ते गोड वाटत होतं आनि तुला सांगायचं नव्हतं. झालं?

आता माझं ऐक. दूध तू पाठवतेस, पाजते मी. पोरीच्या तापात रात्र मी जागते, ओकारी मी पुसते. आनि दारात कोनी आलं की म्हनतं, रीमानं पोर जगवली. त्या डब्यावर तुझंच नाव लिहिलंय जसं काय. मी माझी दोन पोरं वाढवली तेव्हा कोनी बघायला पन आलं नव्हतं. तू माझ्यावर जळतेस. मी काय तुझ्यावर जळत नाय?

आता तुझी आई जगवेल.

जिजा

⁂

जूचंद्र
८ नोव्हेंबर १९९८

चि. सौ. रीमा,

अल्पेश भावजींनी फोनवर सांगितलंच आहे. पोर आता बरी आहे, हे आधी वाच. फोनवर धड बोलता येत नाय, म्हनून झालं तसं लिहिते.

नालासोपाऱ्याला पोर गेली तेव्हापासून बाटली बघितली की तोंड फिरवायची. पेज, डाळ थोडी जायची, दूध नाय. तुझी आई आनि सुनंदा दोघींनी पुष्कळ केलं, त्यांना बोल लावू नको. गाडी दाखवायला स्टेशनच्या पुलावर नेलं, मांडीवर घेतलं, खेळनी आनली. पोर त्या वासानं दात आवळायची. मग पेज पन सोडली. मलूल झाली. सुनंदाला बघवेना. तिनं कोऱ्या चहात बिस्कीट भिजवून दोन घास भरवले. चहात दूध नाय, म्हनून तिला वाटलं चालेल. बिस्किटात दूध असतं हे तिला कोनी सांगितलं नव्हतं. मला ठाऊक होतं.

थोड्या वेळात अंगभर गांधी उठल्या, ओकारी झाली आनि छातीत शिट्टी वाजायला लागली. सुनंदानं पायात चप्पल पन घातली नाय, तशीच रिक्षात घालून दवाखान्यात नेली. तिथं सुया दिल्या, सलाईन लावलं. सुनंदानं वेळ घालवला नाय म्हनून पोर आपल्याला आहे.

अल्पेश भावजी मला न्यायला आले तेव्हा मी भाकरी थापत होते. "वहिनी, चला," एवढंच बोलले. त्यांच्या तोंडाकडे बघून माझे हात थांबले. चुलीवरची पेज डब्यात ओतून घेतली आनि निघाले.

दवाखान्याच्या जिन्यात तुझी आई बसली होती. मी म्हटलं, "मी आत जाऊ का?" म्हनाली, "विचारता काय? श्वास ठीक आहे आता. पन पोटात काही जात नाही, डॉक्टर म्हनतात गेलं पाहिजे."

मी भुकटी कोमट पेजेत कालवली आनि वाटीतून, चमच्यानं दिली. पोरीनं डोळे उघडून बघितलं, आये म्हनाली आनि तोंड उघडलं. सगळी वाटी संपवली. तुझी आई बघत होती. म्हनाली, "असं देता होय? मग तेव्हाच सांगितलं का नाही?"

मी वाटी धुवायला उठले. त्याचं उत्तर तुला देते. पोर पोचवताना मी नुसती बाटली दिली, वाटीचं बोलले नाय. माझ्या मनात होतं, पोर पिनार नाय, दोन दिवसांत मला परत बोलावतील. रडेल एवढंच वाटलं होतं. सुया टोचाव्या लागतील हे मनात आलं नव्हतं. तू रागानं डबे फिरवलेस, मी रागानं तोंड मिटलं. भोगलं तिनं.

सुनंदाला आता सगळं करून दाखवलं आहे. पेज भाताची, पातळ, हाताला कोमट लागेल एवढीच. गरम नको. भुकटी शेवटी घालायची आनि लगेच भरवायची, ठेवली की वास वाढतो. भरवताना कडेवर घेऊन दारात उभं राहायचं, तिला बाहेर बघायला आवडतं. बिस्कीट, पाव, दुकानातलं कायबी नको.

पोर सध्या नालासोपाऱ्यालाच आहे, मी इथून येऊन जाऊन करते. कुठं ठेवायची ते तू सांग. तू म्हनशील तिथं राहील.

जिजा

⁂

शारजा
२२ नोव्हेंबर १९९८

ती. जिजावहिनी,
नमस्कार.

तुमचं पत्र पहिल्यांदा वाचलं तेव्हा तोंडाला येईल ते तुम्हाला बोलले. मोठ्यानं, एकटीच. पत्र चुरगाळून टाकलं. मग उचलून पुन्हा वाचलं. दुसऱ्या वेळी मला माझीच चूक सापडली. मी नर्स आहे. वॉर्डात एखाद्या मुलाला दुसऱ्या खोलीत हलवलं तरी आम्ही काय द्यायचं, काय नाही, ते सगळं नव्या नर्सला सांगतो. माझी स्वतःची मुलगी एका घरातून दुसऱ्या घरात हलवली आणि सुनंदाला बिस्किटांविषयी एक ओळ लिहिली नाही. रागाचं पत्र लिहायला मात्र वेळ होता.

मटिल्डा म्हणाली, "अगं, जी तुझ्या मुलीला भरवते तिच्यावर जळतेस?" मी म्हणाले, हो, तिच्यावरच. दुसऱ्या कोणावर जळू?

सामान बांधून परत यायचं ठरवलं होतं. करार मोडायचं बोलायला ऑफिसातही गेले. दाराशी उभी राहिले आणि विचार केला, मी आले तर डबे कोण पाठवणार? पुन्हा हे मुंबईभर फिरणार, तुम्ही अनूला कडेवर घेऊन गासला जाणार. इथले डॉक्टर म्हणतात, पुष्कळ मुलांची ही बाधा दोन वर्षांच्या आतबाहेर जाते. तोपर्यंत कळ काढली पाहिजे. मी परत वॉर्डात गेले.

अनूला जूचंद्रला घेऊन या. तिला तुमच्याजवळ ठेवा. सुनंदाला मात्र वरचेवर येऊ द्या. तुमच्याशिवाय कोणाच्या हातून जेवणार नाही, असं पुन्हा होता कामा नये. तुम्हाला आवडणार नाही, ठाऊक आहे.

आये म्हणते तर म्हणू दे. मला वाईट वाटणार आहे. पण खोटं लिहू नका. ती काय बोलली, कशी चालली, कोणाला बिलगली, सगळं लिहा. मी जळेन, पण वाचेन.

तुमची
रीमा

⁂

जूचंद्र
१७ जानेवारी १९९९

चि. सौ. रीमा,
आशीर्वाद.

मटिल्डाच्या भावानं, फ्रेडरिकनं, डबे आनून दिले. खरं लिही म्हनालीस म्हनून लिहिते. पोर चालायला लागली. पहिलं पाऊल माझ्याकडे टाकलं नाय. सुनंदा रविवारी आली होती, तिच्या ओढनीला धरायला गेली. मी चुलीजवळून बघितलं. सुनंदा एवढी हसली. मी पन हसले, पन आतून कसं झालं ते तुला सांगायला नको, तुला ठाऊक आहे.

त्या दिवशी पहिल्यांदा कळलं तुझं मोरीतलं रडनं.

सुनंदाच्या हातून आता वाटीभर पिते. माझ्या समोर पन पिते. तुझ्या फोटोला आई म्हनते. ते मात्र मी शिकवलं.

जिजा

⁂

जूचंद्र
१६ मे १९९९

चि. सौ. रीमा,
अनेक आशीर्वाद.

तू फोनवर ऐकलंस, पन नथूच्या दुकानात इतकी गर्दी होती की तुला नीट सांगता आलं नाय. पुन्हा सांगते.

डॉक्टरांनी दवाखान्यातच दूध देऊन बघायचं ठरवलं. घरी करायचं नाय म्हनाले. मी आनि सुनंदा दोघी गेलो. काय झालं तर म्हनून सुई भरून तयार ठेवली होती. आधी ओठाला एक थेंब लावला. थांबलो. मग चमचाभर. मी तिचा सदरा वर करून पाठ बघत होते, सुनंदा पोट बघत होती. मधेच पोरीनं गाल खाजवला. सुनंदानं माझा हात असा धरला की नखं रुतली. पन तो डास होता. मग अजून थोडं दिलं, अजून थोडं. दुपारपर्यंत बसवून ठेवलं. अंगावर काय नाय, छातीत काय नाय. डॉक्टर म्हनाले, "घरी न्या, सांगतो तसं वाढवत जा." आज पंधरा दिवस झाले. आज सकाळी म्हशीचं दूध वाटीनं प्यायली. वर पांढरी मिशी घेऊन गावभर फिरली.

बाया आल्या होत्या. म्हनाल्या, रीमानं पोर जगवली. मी म्हटलं, हो, तिनंच. पन भरवली मी. पहिल्यांदा बोलले. त्यांनी पन मान डोलावली, कोनाला काय वाईट वाटलं नाय. एवढे दिवस नुसतं बोलायचंच राहिलं होतं की काय.

डबे पाठवू नको आता. एक शिल्लक होता तो मी पापडीच्या त्याच घरी दिला, त्यांच्या ओळखीत एका बाळाला लागतो. तू राजीनामा देऊन जूनमध्ये येतेस, हे अल्पेश भावजींनी सांगितलं. ये. भावजींनी खोलीला चुना काढला आहे.

एक सांगायचं आहे. तू येशील त्या दिवशी मी घरात नसेन. कामनला माहेरी जाईन. राग धरू नको आनि गावात कोनी काय बोललं तर मनावर घेऊ नको. मी समोर असले तर ती माझ्याच मागं लपेल, आनि तुला ते बघवनार नाय. आनि मी समोर असताना ती तुझ्याकडे गेली, तर मला बघवनार नाय. मी खूप विचार केला, मन मोठं करायचं ठरवलं, पन तेवढं काय माझं होत नाय. सुनंदा राहील तुझ्याजवळ.

पहिले दोन दिवस रडेल. रडू दे. तुझ्याजवळ झोपव. मला शोधेल, घरभर फिरेल, तेव्हा तिला कडेवर घेऊन दारात उभी राहा.

मग एकदा ती आपनहून तुझ्याकडे आली, की अल्पेश भावजींना कामनला पाठव. मी पिशवी भरूनच ठेवनार आहे. फार दिवस लावू नको.

तुझी
जिजा